बाकीच्यांनी चहा घ्यावा

आमच्या हॉटेलच्या ग्रुपवर कुणी नुसतं 'मोरे सर' एवढंच लिहून गप्प बसलं, की मला कुंदाताईंची आठवण येते. 'मोरे सर' म्हणजे काय समजायचं? हाक आहे, तक्रार आहे, की गिझर फुटलाय? मी हातातला पाना खाली ठेवतो, चष्मा लावतो, 'बोला' असं लिहितो आणि वाट बघत बसतो. तोवर पलीकडचा माणूस जेवायला गेलेला असतो. कुंदाताई असत्या तर त्या माणसापर्यंत चालत गेल्या असत्या आणि हळूच म्हणाल्या असत्या, "राम राम आणि काम एका दमात, बाळा. दार वाजवून पळून जाऊ नये."

लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला आमचं हॉटेल आहे. मी मूळचा सुदुंबऱ्याचा, पण बरीच वर्षं इथं मेंटेनन्स बघतो. मेंटेनन्स हा शब्द ऐकायला बरा. प्रत्यक्षात मोटर, गिझर, एसी आणि गळके नळ यांच्या मागे पळणं एवढंच ते काम. कुंदाताई पडवळ रिसेप्शन सांभाळायच्या. बेगडेवाडीहून सकाळच्या लोकलनं यायच्या आणि संध्याकाळच्या लोकलनं जायच्या. ठेंगण्या, सुती साडी कडक इस्त्रीची, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि पर्समध्ये आवळासुपारीची डबी. ती डबी त्या समोरच्याला न विचारताच पुढे करायच्या, आणि कुणावर रागावलेल्या असल्या तर आधी करायच्या.

हॉटेलात टेलिफोनचा मोठा बोर्ड होता त्या काळात त्या ऑपरेटर म्हणून लागलेल्या. कानाला हेडफोन, हातात वायरी, आणि एकाच वेळी मुंबईचा ट्रंक कॉल, किचन आणि एखादा चिडलेला पाहुणा. पुढे बोर्ड गेला, इंटरकॉम आला, मग मोबाइल आले आणि शेवटी तो ग्रुप आला. कुंदाताईंची बोर्डावरची सवय काही गेली नाही. ग्रुपवर गप्पा वाढल्या की त्यांचा एकच मेसेज यायचा, 'लाइन मोकळी ठेवा.' नव्या पोरांना वाटायचं, बाई रिसेप्शनच्या फोनबद्दल बोलतायत.

त्यांचं मेसेज लिहिणं बघण्यासारखं असे. फोन काउंटरवर पाटीसारखा आडवा ठेवायचा, उजव्या हाताच्या एकाच बोटानं एकेक अक्षर दाबायचं. लिहून झालं की ओठ हलवत सगळा मेसेज एकदा स्वतःशी म्हणायचा. कित्येकदा म्हणून झाल्यावर तो पुसून टाकायच्या आणि पुन्हा लिहायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, दोन ओळींना एवढा अभ्यास?"

"मी आधी ऐकते, मोरे," त्या म्हणाल्या. "माझ्या कानाला टोचलं तर वाचणाऱ्याला टोचणारच. बोलताना निदान आवाज तरी सांभाळून घेतो आपल्याला. इथं आवाजच नाही."

त्यांच्या मेसेजची खरी चव शेवटच्या वाक्यात असायची. त्याची सुरुवात कुठून झाली ते सांगतो. एका लग्नाच्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'पाणी नाही'. कुठं नाही, कसलं नाही, कुणाला नाही, काही पत्ता नाही. मी गच्चीवर टाकी बघायला पळालो, टाकी भरलेली. मोटरखोलीत गेलो, मोटर चालू. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांचे नळ सोडून बघितले, त्यात एका पाहुण्याची झोप मोडली आणि त्याचे चार शब्द ऐकून घ्यावे लागले. घामाघूम होऊन खाली आलो तर कुंदाताईंचा मेसेज आलेला होता, 'राम राम. तळमजल्याच्या हॉलमध्ये प्यायच्या पाण्याच्या बाटल्या संपल्या आहेत. पंगत बसते आहे. बबनभाऊंनी किचनमधून पाठवाव्यात. मोरे, हे काम तुमचं नाही. बाकीच्यांनी चहा घ्यावा.'

ते वाचून मी तिथंच जिन्यावर बसलो आणि एकटाच हसलो. काम कुणाचं आहे ते सांगणारे पुष्कळ असतात. काम कुणाचं नाही हे आठवणीनं सांगणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कामाच्या मेसेजखाली ते वाक्य यायला लागलं आणि आम्हीही ते वाचल्यावर खुशाल चहा घ्यायला लागलो.

'कोणीतरी' या शब्दावर त्यांचा राग होता. कोणीतरी बघा, कोणीतरी पाठवा, असं कुणी लिहिलं की त्या म्हणायच्या, "कोणीतरी नावाचा माणूस आपल्याकडे कामाला नाही. मस्टर बघून सांगते हवं तर."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग निनादसर मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. पुण्यात शिकलेला, कामाला वाघ, जेवणाची वेळ चुकवून राउंड मारणारा. पण मालकांनी त्याला पाठवतानाच कानात सांगितलं होतं, हॉटेल ढिलं पडलंय, माणसं कमी करा. त्यानं आल्याआल्या ग्रुपवर नियम टाकला, मेसेज दिसताक्षणी प्रत्येकानं उत्तर द्यायचं. जो उत्तर देणार नाही त्याचं कामात लक्ष नाही असं समजण्यात येईल.

झालं! ग्रुपवर 'ओके सर'चा पाऊस सुरू झाला. मूळ मेसेज एका ओळीचा आणि त्याखाली 'ओके सर', 'नोटेड सर', 'येस सर' आणि अंगठेच अंगठे. खालच्या माणसाला वरचा मेसेज शोधायला बोट झिजवायची पाळी. कुंदाताई अंगठ्यांकडे बघून म्हणायच्या, "अंगठा पूर्वी सातबाऱ्यावर उठवायचे. आता तर लिहिता येतंय ना सगळ्यांना?"

या पावसात एकच जागा कोरडी होती, ती म्हणजे हिरा. तिसऱ्या मजल्याच्या खोल्या ती करायची. डोंगरावरच्या उंबरवाडीची, पहाटे वाडीतून पायी उतरून पायथ्याला यायचं, तिथून जीपनं लोणावळ्याला. नवरा मिळेल तिथं मजुरीला, घरात दोन शाळकरी पोरी आणि म्हातारी सासू. बारमाही पगार घरात आणणारी तीच एकटी. तिच्या खोल्यांना कुणी नाव ठेवल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण ग्रुपवर तिचं अक्षर नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या आणि पुढे काही नाही. निनादसरांनी पहिल्यांदा तिला बोलावून सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि मग कुंदाताईंना म्हणाले, "दिवाळीनंतर तिसरा मजला मी एजन्सीला देतोय. त्या बाईंना तोपर्यंत दुसरं काम बघायला सांगा."

कुंदाताईंनी ते ऐकून आवळासुपारीची डबी पुढे केली. सरांनी एक तुकडा घेतला. त्यांना बिचाऱ्यांना अजून त्या डबीचा अर्थ माहीत नव्हता.

कुंदाताई कुणालाही ग्रुपवर बोलायच्या नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायच्या नाहीत. "पाठ थोपटायची ती चारचौघांत, कान धरायचा तो दार लावून," हे त्यांचं म्हणणं. एकदा निनादसरांनी चुरगळलेल्या चादरीचा फोटो ग्रुपवर टाकला, 'हे काय आहे??? कोणाची खोली???' खोली दुसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाची होती. मी त्या वेळी सरांच्याच केबिनमध्ये शिडीवर चढून एसी साफ करत होतो. कुंदाताई आत आल्या, दार लावून घेतलं, खुर्चीत बसल्या.

"चादर चुकली, सर. सुनंदाला मी सांगते."

"सांगाच. सगळ्यांना कळायला पाहिजे, म्हणून मी ग्रुपवर टाकलं."

"कळलं सगळ्यांना. आपला ड्रायव्हर गणेश तिचा नवरा. तो खाली जेवायला बसलाय. शेजारच्यानं त्याला फोन दाखवला, तेव्हापासून घास हातात धरून बसलाय."

शिडीवरून मला त्यांचा फोन दिसत होता. त्यांनी तो फोटो काढून टाकला. कुंदाताई उठल्या, दारापाशी थांबून म्हणाल्या, "मोरे एसी छान करतात हो," आणि गेल्या. एवढं झालं तरी उत्तराचा नियम मात्र सरांनी सोडला नाही.

त्या नियमाची गंमत बबनभाऊंच्या वेळी झाली. बबनभाऊ आमचे मुख्य आचारी. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सकाळी किचनमध्ये त्यांना झेंडूचा हार घातला. स्टोअरकीपरनं फोटो काढला आणि एक शब्दही न लिहिता ग्रुपवर सोडून दिला. भाऊ फोटोत हसत नाहीत, कधीच हसत नसत. हार घातलेला गंभीर चेहरा बघून लॉन्ड्रीतल्या शंकरनं घाईघाईनं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पुढे काय विचारता! उत्तर द्यायलाच हवं, आणि ताबडतोब द्यायला हवं. एकामागून एक श्रद्धांजल्या यायला लागल्या. गणेशनं हात जोडले, सुनंदानं 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' लिहिलं. खुद्द निनादसरांनी प्रवासातून इंग्रजीत दुःख व्यक्त केलं.

बबनभाऊ कढईपाशी उभं राहून हे वाचत होते. "आरं, म्या हितं भजी तळतोय आन् ह्यांनी मला पोचवला बी?" असं म्हणत ते स्टुलावर बसले. भला माणूस, पण चेहरा उतरला होता. आयुष्यभर ज्यांना जेवू घातलं त्यांनी वर बघायची तसदीसुद्धा घेतली नाही, हे त्यांना लागलं असावं. कुंदाताईंनी फोन काउंटरवर आडवा ठेवला, ओठ हलवले आणि पाठवलं, 'राम राम. बबनभाऊ आज निवृत्त होत आहेत. ते किचनमध्ये असून कांदाभजी तळत आहेत. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी समक्ष जाऊन त्यांच्या पाया पडावं. बाकीच्यांनी चहा घ्यावा.' त्या दिवशी चहा घ्यायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. किचनबाहेर रांग लागली, आणि भाऊ एकेकाला उठवून त्याच्या तोंडात भजं कोंबत होते.

दिवाळी जवळ येत चालली तशा कुंदाताई हिराच्या मागे लागल्या. एका दुपारी त्या तिसऱ्या मजल्यावर चादरी-टॉवेलांच्या खोलीत येऊन बसल्या. मी शेजारच्या बाथरूममध्ये बिघडलेला शॉवर खोलून बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"हिरा, मेसेज दिसतात ना तुला?"

"दिसत्यात की."

"आणि वाचता येतात?"

"आश्रमशाळेत शिकलेय ताई. वाचती मी समदं."

"मग 'ओके' लिहायला काय होतं गं? नोकरीवर आलंय तुझ्या."

हिरा थोडा वेळ टॉवेलच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या मान्सानं काम सांगितलं का उठायचं आसतंय, ताई. 'करते, करते' म्हननारी कदी करत नसती. आमच्याकडं सुनंनं बसल्या जागी 'व्हय, करते' म्हनलं का सासू म्हनती, झालं, ह्ये काम आता व्हत न्हाई. मी सायबाला तसं कसं म्हनू? त्यास्नी वाटंल, हिरा टाळती."

"बरं, आधी नको. काम झाल्यावर 'झालं' एवढंच लिही."

"खोली दिसती की झाल्याली! आपलं आपुन सांगायचं म्हंजी मिरवल्यावानी वाटतंय."

कुंदाताई एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा साखळीवर लोंबायला लागला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मोरे, जन्मभर मी लोकांना सांगत आले, कमी लिहा. आता माझ्याहून वरचढ भेटली." हसू ओसरल्यावर मात्र त्या बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

त्यांनी हे सगळं निनादसरांना समजावून सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मला पटतंय. पण मालकांना मी काय कळवू? ती गप्प राहते म्हणजे हो म्हणते, असं कळवू?" त्यांचंही खोटं नव्हतं. कुंदाताई म्हणाल्या, "तिचं उत्तर मी देत जाईन. सुट्ट्यांचा हंगाम संपेपर्यंत थांबा." सर तेवढ्याला तयार झाले.

तेव्हापासून ग्रुपवर नवा मेसेज दिसायला लागला, 'तीनशे दोन. हिराचं झालं. मी पाहिलं.' त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना महाग पडत होतं. लिफ्ट पाहुण्यांची, नोकरमाणसांनी जिना वापरायचा हा मालकांचा दंडक, आणि कुंदाताईंचे गुडघे आधीच कुरकुरत होते. तरी त्या प्रत्येक खोलीसाठी वर जायच्या. मधल्या जिन्यावर थांबायच्या, तिथल्या कुंडीतल्या झाडाची वाळकी पानं खुडल्याचं दाखवायच्या, आणि पुन्हा चढायच्या. मला बघवेना. मी म्हटलं, "ताई, हिराची खोली काय बघायची? न बघता लिहा. कोण विचारतंय?"

"लाइन जोडताना पलीकडे माणूस आहे हे आधी ऐकावं लागायचं, मोरे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "न बघता 'झालं' लिहिलं, तर मग माझ्यात आणि त्या ओकेवाल्यांत काय फरक?"

शेवटी व्हायचं तेच झालं. गुडघा सुजला, डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. आणि नेमका सुट्टीतला तो रविवार, हॉटेल फुल, सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची झुंबड. अशात निनादसरांचा मेसेज आला, 'अर्जंट. तीनशे चारचे गेस्ट स्टेशनवर आहेत. आजींचा औषधांचा बटवा उशीखाली राहिला. गाडी थोड्याच वेळात आहे. कोणीतरी ताबडतोब पोचवा.'

कोणीतरी! खाली लगेच 'ओके सर', 'येस सर', 'ओके सर'. गणेश ड्रायव्हरनंही 'ओके सर' लिहिलं आणि पुढचं कुणी सांगेल म्हणून गाडी पुसत बसला. एवढे ओके बघून मलाही वाटलं, गेलं असेल कुणी. पण जिवाला चैन पडेना, म्हणून वर गेलो. तीनशे चारचं दार उघडं, पलंग अर्धवट केलेला, उशी बाजूला काढलेली. बटवा नाही. हिरा नाही. तिची ढकलगाडी व्हरांड्यात उभी होती आणि त्यावरच्या टॉवेलांमध्ये तिचा फोन वाजत होता. मी ग्रुपवर लिहिलं, 'बटवा खोलीत नाही. हिरा मजल्यावर नाही, फोन इथंच आहे.'

मी खाली रिसेप्शनवर सरांपाशी आलो, तेवढ्यात त्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला. आजींनी आता कुठं तोंड उघडलं होतं. औषधं कोण चोरतंय, म्हणून प्रवासात त्या आपल्या सोन्याच्या पाटल्या त्याच बटव्यात ठेवत. हे कळल्यावर निनादसरांचा धीर सुटला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'बटव्यात सोनं आहे. हिरा न सांगता बाहेर गेली आहे. ती कुठे आहे? तिनेच घेतला का? कोणाला माहिती असेल त्याने आत्ता सांगा, नाहीतर पोलिसांत द्यावं लागेल.'

या मेसेजला मात्र कुणी ओके म्हटलं नाही. सगळे फोनकडे बघत उभे. सुनंदानं तोंडाला पदर लावला. असं एकदा लिहिलं गेलं की बटवा सापडला तरी ते कुणाच्या डोक्यातून पुसलं जात नाही. उंबरवाडीची दोन पोरं आमच्या बागेत कामाला होती, ती ग्रुपमध्ये होती. संध्याकाळच्या आत वाडीत कळणार होतं.

आणि मग कुंदाताईंचा मेसेज आला. बेगडेवाडीच्या घरात, पाय उशीवर ठेवून, त्या एका बोटानं लिहीत असणार. 'राम राम. हिरा बटवा घेऊन स्टेशनवर गेली आहे. पोचवून परत येईल. तोवर तिच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहू नये. लाइन मोकळी ठेवा.'

मी तो दोनदा वाचला. 'गेली असेल' नाही, 'बहुतेक' नाही, 'गेली आहे'! ज्या बाईनं डोळ्यांनी बघितल्याशिवाय साध्या खोलीचं 'झालं' लिहिलं नाही, तिनं अख्खं मावळ मध्ये असताना, न बघता हे लिहिलं होतं. त्यात त्यांची इतक्या वर्षांची पत पणाला होती. निनादसर माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना फोन आला का तिचा?" मी म्हटलं, "फोन तर टॉवेलांत आहे, सर."

ग्रुप खरोखर गप्प राहिला. काही वेळानं रिसेप्शनचा साधा फोन वाजला. त्या आजींचा नातू गाडीतून बोलत होता. तुमच्या मावशी दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, गाडी सुटता सुटता खिडकीतून बटवा दिला, आजींनी पाटल्या बघितल्या, सगळं जागच्या जागी आहे, फार फार आभार. आजींना राहवेना म्हणून त्यांनी मावशींना चिक्कीचा पुडा दिला.

हिरा चालत परत आली. हातात चिक्कीचा पुडा, कपाळाला घाम. लोणावळ्यात राबणाऱ्या बाईला चिक्की! सगळे आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. "तीनशे पाच ऱ्हायलीय," एवढंच म्हणून ती जिना चढायला लागली. पाटल्यांचं तिला माहीतही नव्हतं. फोन हातात घेतल्यावर मग तिनं सरांचा मेसेज वाचला. मी वर गेलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली होती आणि चादर हातात तशीच होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "मोरेभाऊ, वाडीतल्या पोरांनी बी वाचलं आसंल न्हवं?"

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाताई काठी टेकत हजर. डॉक्टरांचं नाव काढू देईनात. सरांच्या केबिनमध्ये गेल्या, आणि या वेळी दार उघडंच ठेवलं. "सर, मी नेहमी म्हणते, कान धरायचा तर दार लावून. पण चारचौघांत मारलेली चपराक दार लावून परत घेता येत नाही."

निनादसर रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी मान हलवली, फोन घेतला आणि स्वतः, मराठीत, लिहिलं, 'हिराताई, काल मी तुमच्यावर संशय घेतला. तो चुकीचा होता. तुम्ही एकट्याच कामाला उठलात. मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. तिसरा मजला तुमच्याकडेच राहील.' लिहून झाल्यावर त्यांनी ओठ हलवत एकदा वाचलं. त्यांनी ती सवय कधी उचलली कोण जाणे.

सगळे हिराच्या उत्तराची वाट बघत होते. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. सर संध्याकाळी कुंदाताईंना म्हणाले, "अजून रागावल्यात वाटतं." कुंदाताईंनी केबिनच्या खिडकीकडे बोट दाखवलं. सर आल्यापासून त्या काचेवर धूळ होती. ती केबिन हिराच्या कामात येतही नव्हती. आता तिथून तुंगार्लीचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

उत्तराच्या नियमाची सरांनी पुढे कधी आठवण काढली नाही. आपोआप गेला.

उन्हाळ्यात कुंदाताई निवृत्त झाल्या. स्टोअरकीपरनं हार घातलेला फोटो टाकला आणि खाली धसका घेतल्यासारखं लिहिलं, 'कुंदाताई निवृत्त होत आहेत. तब्येत ठणठणीत आहे.' त्यांनी शेवटचा मेसेज टाकला, 'राम राम. रिसेप्शनचं काम शिकवून किल्ल्या सुनंदाकडे दिल्या आहेत. आजपासून तिथलं काम तिचं. माझ्याकडे कुणाचं काही राहिलेलं नाही. सगळ्यांनी चहा घ्यावा.' आणि कुणी हळहळायच्या आत स्वतःच ग्रुपमधून बाहेर पडल्या. लाइन मोकळी केली.

भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर हिरा आधीच उभी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिनंही येते म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्या हातातल्या पिशव्या तिनं घेतल्या, लोकल आली तशी आत चढून त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि शेजारी बसली. "अगं, तू कुठं निघालीस? उतर, वाडीची जीप चुकेल," कुंदाताई म्हणाल्या. हिरा पिशव्या मांडीवर नीट लावत राहिली. गाडी हलली तेव्हा त्या दोघी खिडकीत शेजारी शेजारी होत्या, एक बाहेर बघत होती आणि दुसरी तिच्याकडे. मी कुंदाताईंना शेवटचं बघितलं ते असं.

हॉटेलवर परत येऊन मी किचनमध्ये चहा घेत बसलो होतो. मन लागत नव्हतं. उन्हं उतरली आणि फोन वाजला. मेसेज फक्त मला होता.

'राम राम मोरे. बेगडेवाडीला पोचले. हिरानं सामान घरापर्यंत आणलं, गुडघ्याला तेल चोळलं आणि आता ती परतीच्या लोकलमध्ये बसली आहे. वाडीची शेवटची जीप तिला मिळणार नाही. तिला स्टेशनवरून वाडीच्या पायथ्याला सोडावं. मोरे, हे काम तुमचं आहे.'

मी 'हो ताई, जातो' असं लिहिलं. ओठ हलवत एकदा वाचलं. मग ते पुसून टाकलं, चहा तसाच ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेतली.